बाबांचा खोकला आणि दोन चुका

गिरण्यांच्या संपाला वर्ष होत आलं होतं. शीवच्या एका हॉस्पिटलात मी बाबांच्या शेजारी बाकावर बसले होते आणि त्यांच्या छातीच्या फोटोचा आणि थुंकीचा रिपोर्ट यायचा होता.

तसं एक हॉस्पिटल आमच्या लालबागच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर होतं. पण तिथे चाळीतलं कोणी ना कोणी भेटणारच, आणि सुमनताईचं लग्न नुकतंच ठरलेलं. म्हणून बसने एवढ्या लांब.

बाबा गिरणीत कार्डिंग खात्यात, कापूस पिंजायच्या मशीनवर. तिथे सगळेच खोकायचे, त्यामुळे कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. "कापसाचो खोकलो तो, जातलो," हे बाबांचं ठरलेलं उत्तर.

मी तेव्हा बीएस्सीला, स्टॅटिस्टिक्स घेऊन. नुकतंच शिकले होते... आधी "काही वेगळं घडलेलं नाही" असं धरून चालायचं आणि पुरावा तगडा असेल तरच ते सोडायचं. झालं, पुस्तक मिटलं तरी डोक्यात तेच.

घरात आम्ही धरून चाललो होतो, की खोकला कापसाचाच. पण गिरणी बंद, कापूस नाही, मग खोकला एव्हाना उतरायला हवा होता... तो तर वाढत होता. टीबीची शंका एकदा मनात आली, ती काही केल्या जाईना.

चूक दोन्हीकडून होऊ शकत होती. टीबी नसताना आहे असं धरून धावाधाव केली, तर चाळभर बोभाटा आणि ताईचं लग्न मोडणार. असताना नाही म्हटलं, तर एका खोलीत आमचं अख्खं घर... आणि बाबा हातचे जाणार.

एक चूक टाळायला जावं तर दुसरी वाढते, असंही शिकवलं होतं. आखूड चादरीसारखं, डोकं झाकलं की पाय उघडे. पण आपल्याला कुठली चूक जास्त महाग पडेल, ते पुस्तक सांगत नाही.

आईला बोलले, तर तिचा चेहराच उतरला. "आणि कोणाक कळला तर सुमनच्या लग्नाचा काय?" तिचंही खरंच होतं, म्हणून मी बरेच दिवस पुन्हा विषय काढला नाही आणि रात्री गॅलरीतून खोकला आला की उबळी मोजत पडायचे.

शेवटी ठरवलं. मोडलेलं लग्न पुन्हा जमवता येईल, बाबा पुन्हा मिळणार नाहीत. त्यांच्याशी भांडावं लागेल असं वाटलं होतं, पण त्यांनी मुकाट्याने शर्ट चढवला.

डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला, थुंकीचा रिपोर्ट पाहिला. "टीबी नाही. पण इतकी वर्षं छातीत धूळ गेलीय, गिरणी बंद झाली म्हणून छाती लगेच सुधारत नाही. खोकला राहणार." म्हणजे खोकला कापसाचाच होता आणि माझी शंका साफ चुकली होती... मला तिथेच रडू फुटलं.

घरी आल्यावर बाबांनी गॅलरीतल्या कोनाड्यातून आपलं ताट आणि पेला आणून आईच्या हातात दिला. "ही भांडी आता सगळ्यांच्यात ठेव," एवढंच म्हणाले.

गणपतीपासून बाबा गॅलरीत झोपत होते, आत उकडतं म्हणून... थंडी पडली तरी. जेवायचेही तिथेच, आपलं ताट आपणच विसळायचे. संपाने माणूस तुटक झालाय, असं आम्ही समजत होतो.

म्हणजे शंका त्यांना माझ्याही आधी आली होती. दोन्ही चुका त्यांनीही तोलल्या होत्या. फक्त कुठलीही झाली तरी भुर्दंड एकट्यालाच बसावा, अशी सोय करून ठेवली होती.

पुढे आयुष्यभर मी हाच विषय शिकवला. टीबी नसताना आहे असं धरण्याची ती एक चूक माझ्या पदरात पडली, याबद्दल मात्र देवाचे आभार मानते.

त्या रात्री बाबांनी अंथरूण आत घातलं. रात्रभर ते खोकत होते... आणि मला कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली.