बकुळची पंचमी

बकुळ भुसावळला जन्मली, त्याच दिवशी तिची आजी गेली. मार्गशीर्ष वद्य पंचमी. लगेचच तिचे वडील विश्वंभर बदलीवर झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून आले. दरवर्षी इथल्या पंडितजींना विचारून ते त्या तिथीला आईचं श्राद्ध घालत. बकुळचं औक्षण मात्र कधी झालं नाही. श्राद्धाच्या दिवशी कसला आलाय वाढदिवस! पोरगी निमूटपणे वडे-खीर खाई.

ती लग्नाला आली, तेव्हा पत्रिका बघायला भुसावळचे गुरुजी नेमके श्राद्धाच्या दिवशी आले. पानं मांडलेली बघून चमकले.

"अहो, इकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून इकडचा मार्गशीर्ष वद्य पक्ष म्हणजे आपला कार्तिक वद्य. आपली पंचमी अजून महिनाभर लांब आहे!"

विश्वंभर खजील झाले. "मग तेव्हा पुन्हा घालू."

"काही नको," त्यांची बायको अनुसूया स्वयंपाकघरातून कडाडली. "सासूबाई इतकी वर्षं आजच जेवून जातायत. भरल्या पोटी त्यांना दुसरा हेलपाटा कशाला?"

महिन्यानं खरी पंचमी आली. अनुसूयेनं लेकीला पाटावर बसवून ओवाळलं. ताटात खीर होती. वडे नव्हते.