भेव वाटणाऱ्या कोवे मॅडम

आमच्या कोवे मॅडम घाबरट होत्या, आणि ते सगळ्यांदेखत सांगायच्या! चंद्रपूरच्या लॅबमध्ये मी नवा टेक्निशियन, त्या पेशी तपासणाऱ्या डॉक्टर. मायक्रोस्कोपमधून बघता बघता एकदम उठायच्या. "थांब, मले भेव वाटून राह्यलं." बाहेर चक्कर मारून यायच्या आणि तीच काच परत पहिल्यापासून बघायच्या. आम्ही हसायचो. "हसा बे, हसा. ज्याले भेव नाई वाटत, त्यानं पानठेला टाकावा."

मग माझ्याच बाबांच्या खोकल्यातून रक्त पडलं. जुना टीबी बरा झालेला, आता एक्स-रेत छातीत गोळा. सगळे कॅन्सरच म्हणत होते. आईनं अहेरीहून बेडका पाठवला. काचेवर बुरशीचे धागेच धागे! मी उडीच मारली. "मॅडम, बुरशी! म्हणजे कॅन्सर नाई! गोळ्यांनी बरे होतील!"

"नाचू नको. धाग्यांच्या बाजूले पू-पेशी दिसते का एकतरी? बेडका कायच्यात आणला?"

मी आईला फोन लावला. "मोहफुलाच्या डबीत," आई म्हणाली. "चांगली धुतली होती न मी!"

म्हणजे ही बुरशी डबीतल्या मोहफुलांची; अंगातली असती तर भोवती पू-पेशी जमल्या असत्या. कॅन्सरची शंका तशीच राहिली.

मग बाबांना चंद्रपूरला आणलं, नळी घालून फुप्फुसात थोडं पाणी सोडलं आणि तपासायला तेच परत ओढून घेतलं. काचेवर मोठाल्या, काळपट, वेड्यावाकड्या पेशी. कॅन्सरच्या अशाच असतात हो! मॅडमनी दुसऱ्या काचेला चांदीचा रंग दिला, त्यात बुरशी काळी दिसते. फाटे फुटलेले काळे धागे, आणि भोवती पू-पेशींचा गराडा.

"हे बुरशी खरी. टीबीच्या जुन्या खड्ड्यात घर केलं तिनं. तिच्या त्रासानं बाकीच्या पेशी भेदरल्या अन् वेड्यावाकड्या झाल्या, असं मले वाटते."

"वाटते?"

"गोळ्या सुरू होऊ दे, मंग पुन्हा पाणी पाहू. वेड्यावाकड्या पेशी गेल्या तं बुरशीचंच काम, राह्यल्या तं कॅन्सर. कॅन्सर नाई असं आज लिहून देत नाई मी."

बाबा बाहेर बाकावर होते. "बाई, वाचतो न मी?"

मॅडम शेजारी बसल्या. "मले नाई माहीत, भाऊ. एक दुश्मन सापडला. दुसरा आहे का नाई, ते पाहाचं आहे."

बाबांनी मान हलवली. इतकं खरं त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

दुसरं पाणी काढायच्या आधीच मॅडमची बदली झाली. जाताना म्हणाल्या, "दुसऱ्या पाण्याची काच तू एकटा पाहू नको. बापाची आहे. तुले जे पाह्यजे तेच दिसन."

बाबांचं दुसरं पाणी काढलं, काच आज तयार झाली. नवीन डॉक्टर अजून यायच्या आहेत. मी मायक्रोस्कोपचा दिवा लावला, आणि परत बंद केला.