लाडोची आई

आखातातल्या अल रुवैसच्या बंदरामागे आमचं दोन खोल्यांचं घर होतं. माझे अब्बा, फजल, मूळ रत्नागिरीचे. त्या बंदरात लाकडी लाँची दुरुस्त करायचे. १९९८च्या सुमारास त्यांच्या हाताखाली लाडो आला. दक्षिण सुदानचा, बारी जमातीचा, उंच, अबोल. त्याच्या मुलखात लढाई चालू होती. आई वारल्याचं त्याला इथे कळलं, तेही फार उशिरा.

त्याने अब्बांकडे मोडीत निघालेल्या लाँचीचा सागवानी तुकडा मागितला. वाकसाने तासून, पटाशीने कोरून एक बाई घडवली. ताठ उभी, हात अंगालगत, धड लांब, पाय आखूड.

"गेलेल्या माणसाची अशी आठवण ठेवायचे आमच्याकडे," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "आजोबा कोरायचे. ही माझी आई."

कामगारांच्या कॅम्पवर, लाडोच्या खोलीत तिची चेष्टा सुरू झाली. कुणीतरी तिच्या डोक्यावर टोपी अडकवली. तेव्हा तिला घेऊन लाडो आमच्या दारात आला.

अम्मी, कनीज, पाच वेळची नमाजी. "पुतळा घरात? नको हो," ती अब्बांना म्हणाली. "फरिश्ते येत नाहीत अशा घरात."

"खलास, राहू दे," म्हणत लाडो वळला.

"थांब," अम्मीने विचारलं, "आईला माती कुणी दिली?"

"ठाऊक नाही."

अम्मी आत जाऊन आपली ओढणी घेऊन आली. "आण इकडे." मूर्ती गुंडाळून तिने कपाटात, चादरींमध्ये आडवी ठेवली.

मग दर शुक्रवारी लाडो यायचा, कपाट उघडून थोडा वेळ उभा राहायचा, आणि आमच्यासोबत माशाचं सालन-भात जेवायचा. चादर काढताना अम्मी अगदी सहज म्हणायची, "सरका बाई जरा."

२००५ साली तिकडे तह झाला आणि लाडो आईला घेऊन घरी निघाला. कपाटातली ती जागा अम्मीने बरेच दिवस भरली नाही.

काही महिन्यांनी त्याच्या मुलखातून, जुबाहून फोन आला. लढाईत ताटातूट झालेली त्याची बहीण सापडली होती.

"मूर्ती बघून काय म्हणाली?" अब्बांनी विचारलं.

"म्हणाली, आई एवढी गंभीर कधी होती?" लाडो हसत होता. इतक्या वर्षांत त्याचं असं मोठ्याने हसणं आम्ही ऐकलं नव्हतं. अम्मीने ओढणीने डोळे पुसले आणि फोन मागून घेतला. "बहिणीला सलाम सांग," ती म्हणाली, "आणि जेवत जा वेळेवर."