घ्यायला कोण येणार?

आमच्या शेजारच्या रिटायर्ड जेलशिपायाइतके भाचे अख्ख्या वऱ्हाडात कुणाला नसतील, आणि बहीण म्हणाल तर त्यांना एकही नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांच्या हाती एक फॉर्म आला होता. सुटलेला कैदी पुन्हा गुन्हा करील का, हे गुण मांडून ओळखायचं. दारू पितो का, काम आहे का, संगत कशी. जितके गुण जास्त, तितका धोका मोठा. मामांना (गल्ली त्यांना मामाच म्हणते) तो इतका आवडला की रिटायर झाल्यावर त्यांनी जळगाव जामोदची आमची अख्खी गल्ली तपासली. स्वतःच्या मांजरीला पैकीच्या पैकी दिले, कारण दुधाची चोरी जुनीच. आमच्या ह्यांना 'काम नाही, संगत संशयास्पद' म्हणून सहा पडले. मी म्हटलं, कमीच दिलेत.

शेवटचा प्रश्न मात्र त्यांना छळायचा. सुटल्यावर घ्यायला कोण येणार? कोणी नाही, तर दोन गुण. "बाई, बाकीचे गुण काई आपल्या हाती नाईत. हे दोन तं मी खोडू शकतो," म्हणायचे. तुरुंगातल्या जुन्या सहकाऱ्यांकडून कुणाच्या सुटकेची तारीख कळली की पहाटेच्या एसटीनं बुलढाण्याला, पिशवीत भाकरी नि ठेचा, आणि तुरुंगाच्या दारात छातीठोकपणे, "मी त्याचा मामा!" एकदा भाचा सलीम नावाचा निघाला. साहेबांनी भुवया उंचावल्या, तर मामा म्हणाले, "मामाले काऊन जात-धर्म लागते साहेब?" ईदला त्या सलीमचा शीरखुर्मा अजून आमच्या घरापर्यंत येतो.

चुकलं ते एकदाच. वरवट बकालचा गजानन सुटला, तेव्हा मामा तापानं फणफणले होते. तो मामांच्या निरोपावर दुपारपर्यंत दाराशी बसून राहिला, मग जुन्या सोबत्यांकडे गेला, आणि महिन्याभरात मोटारपंप चोरून पुन्हा आत. "फारम बरोबर निघाला बाई. मीच चुकलो," मामा म्हणाले. दोन दिवस जेवले नाहीत.

गेल्या आठवड्यात गजानन पुन्हा सुटायचा होता आणि मामा खाटेला खिळलेले. "बाई, तुमी जाता काय?" मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, तुरुंगाच्या दारात कशाला उभी राहीन! चांगली चिडले. चिडतच भाकऱ्या थापल्या आणि पहाटेची गाडी पकडली.

"तुम्ही कोण?" शिपायानं विचारलं.

"मावशी."

गजानन बाहेर आला. माझ्याकडे न बघता माझ्या मागे कुणाला तरी शोधू लागला. "मामा नाई आले?"

"खाटेवर आहेत. तुझी वाट पाहताहेत."

त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली.

मामा आता उठायचे नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. जन्मभर मी पोरांचे गुण वाढावेत म्हणून धडपडले. कुणाचे दोन गुण कमी केले म्हणून डोळ्यांत पाणी यायची ही पहिलीच वेळ.