कार्डावरचं कुंकू
दसऱ्याला कुंकू भिजवताना त्याचा ओलसर वास आला की मला सीमेपलीकडच्या बोथ गावातल्या आमच्या घरातला तो कॉम्प्युटर आठवतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे शाळामास्तर. शाळेत सगळा कारभार तेलुगूत, घरच्या पडद्यावर तरी मराठी अक्षरं दिसावीत म्हणून त्यांनी नागपूरहून कॉम्प्युटरच्या आत बसवायचं एक कार्ड मागवलं होतं. दसऱ्याच्या सकाळी कॉम्प्युटरचं झाकण उघडून, कार्ड पाटावर ठेवून हे आंघोळीला गेले. शिलाई मशीन आणि सायकलीसोबत मी त्या कार्डाचीही पूजा केली. त्याच्या सोनेरी दातांवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, मग भीती वाटली तसं पदरानं घाईघाईनं पुसलं. ह्यांनी येऊन कार्ड खाचेत दाबून बसवलं आणि बटण दाबलं. चर्र आवाज झाला, जळका वास सुटला, पडदा काळाच राहिला. "म्याच जोर जास्त लावला वो," स्वतःच्या हातांकडे बघत हे म्हणाले. पूजेचं ताट एका हातात धरून मी पदरावरचा कुंकवाचा डाग आत दुमडला. त्या कॉम्प्युटरला ह्यांनी पुन्हा हात लावला नाही. तीस वर्षं झाली. परवा साधा बल्ब बदलायचा होता, तर म्हणाले, "तूच लाव. माहा हात जड हाय." मी बल्ब घेऊन स्टुलावर चढले.