कापसाच्या खोलीतला पियानो

मी पंधरा वर्षांची होते, आणि माझ्या पियानोवर काय वाजवायचं हे ठरवायचा हक्क मी सोडून घरातल्या सगळ्यांना होता. पियानो म्हणजे साधा कीबोर्ड, मामाने नागपूरहून आणलेला. पण मुकुटबनच्या अलीकडच्या आमच्या गावात दुसरा नव्हता, म्हणून तो पियानोच. दर रविवारी मी एसटीने वणीला सरांकडे शिकायला जायची. ते बाबांच्या डोळ्यांत खुपायचं. धाकट्या काकाचा साखरपुडा ठरला तेव्हा त्यांनी फर्मान काढलं.

"साखरपुड्यात वाजव. लोकं खूश झाले त जाय वणीले. नाही त बंद. हे शिकून कोणतं पीक येते?"

गाणी निवडायचं काम आत्याने बळकावलं. गावातल्या प्रत्येक लग्नात ती नाचलेली, बोलावणं नसलेल्यातही. तिचा हिशोब सरळ होता. "ज्या गाण्यावर जाडा माणूस खुर्चीतून उठते, तेच गाणं चांगलं!" म्हाताऱ्यांनी कुरकुर करू नये म्हणून आधी एक भजन, मग सासुरवाडीच्या बायांना रडवणारं एक जुनं, मग यंदाच्या पिक्चरचं, आणि शेवटी वरातीत बँडवाले रस्त्यावर लोळून वाजवतात ती धून. सरांनी मला एक संथ धून शिकवली होती, शब्द नसलेली. माझा सगळा जीव त्या धुनेत होता. खोलीत ती थोडी वाजवून दाखवली आणि हीच वाजवू का, असं मी भीत भीत विचारलं.

"याच्यात गाणं कुठाय वं?" बाबा म्हणाले.

"हे वाजवशीन त लोकं पंगत सोडून घरी जातीन," आत्या म्हणाली. झालं, विषय संपला.

त्या वर्षी कापसाचं वाटोळं झालं होतं. भाव असा पडला होता की बाबा हट्टाला पेटले. 'येईन भाव, येईन' म्हणत त्यांनी सगळा कापूस घरात भरला. घरात म्हणजे माझ्या खोलीत. चारही भिंतींना लागून थेट आढ्यापर्यंत कापूस, मध्ये एक पाट, पाटावर पियानो आणि पुढ्यात मी. साठवलेल्या कापसाने अंगाला भयंकर खाज सुटते. गावात दोन माणसं बोलत उभी राहिली तरी चारही हात खाजवत असायचे. बाबा तेवढे मजेत, कारण त्यांची खोली स्वच्छ.

मी आत वाजवायची आणि आत्या ओसरीवर बसून ओरडायची, "आयकू नाही येऊन राह्यलं! जेवली नाही काय तू?" मी आवाज वाढवला. तरी तेच. पूर्ण वाढवला. शेवटी काका भोंगेवाल्याकडून हा एवढा स्पीकर घेऊन आला, तेव्हा कुठे आत्याची मान डोलली. पिढ्यान् पिढ्या कापूस पिकवणारं आमचं घर, पण कापूस आवाज खाऊन राहिला आहे हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही.

साखरपुडा मुकुटबनला, पत्र्याच्या हॉलमध्ये. स्पीकर तोच, आवाजही तेवढाच वाढवलेला. मी देवाचं नाव घेतलं आणि भजनाचा पहिला सूर दाबला.

बाप रे! वरचा पत्रा थरथरला. व्याह्यांच्या हातातलं सरबत त्यांच्या धोतरावर. तान्ही पोरं एकदम किंचाळली, आणि नव्या काकूने कानांवर हात ठेवले. काही झालं तरी थांबायचं नाही असं आत्याने बजावलं होतं, म्हणून मी थांबले नाही. काकाने धावत येऊन वायर उपटली. एक जाडा माणूस मात्र खुर्चीतून खरंच उठला, आणि बाहेर निघून गेला.

"वणी बंद," परतताना बाबा एवढंच म्हणाले. मी घरी येऊन ढसाढसा रडले. सगळ्यांचा राग आला होता, भजनाचासुद्धा.

भाव काही आला नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर बाबांनी कापूस विकून टाकला आणि माझी खोली रिकामी झाली. एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी पाट मांडला आणि सरांची धून हळू आवाजात वाजवली. सूर भिंतींना लागून माझ्याकडे परत आले. किती गोड वाजतं हे, मलाच माहीत नव्हतं. वळून पाहिलं तर दारात बाबा उभे, हातात बैलाचं दावं.

"हे तेच काय, त्या दिवशी म्हणत होतीस ते?"

"हो."

"मंग तवा असं काहून नाही आलं आयकू?"

"तवा कापूस होता."

त्यांनी रिकाम्या भिंतीवर बोटाने टकटक केली आणि दावं घेऊन गोठ्यात गेले. वणीचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही तोऱ्यात, मी कशाला विचारू!

दिवाळीनंतर नवा कापूस घरी आला. गडी सवयीने गाठोडी घेऊन माझ्या खोलीकडे वळले, तसे बाबा अंगणातून ओरडले, "तिकडं नाही! माह्या खोलीत टाका."

त्याच रविवारी सकाळी त्यांनी मला हलवून उठवलं. मानेपासून कोपरापर्यंत लाल झाले होते, आणि दोन्ही हातांनी खाजवत होते.

"उठ न वं," ते म्हणाले. "वणीची यष्टी जाईन."