मृणालिनीच्या अकराव्याचे ताट

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी दिनानाथने तिसऱ्यांदा भात घेतला. ब्रह्माघाटाजवळच्या एका धर्मशाळेच्या ओसरीत तो एकटाच जेवत होता. पत्रावळीला शिवू नये म्हणून वाढपी डाव हातभर वर धरत होता, त्यामुळे निम्मी शिते फरशीवर पडत होती. दही आदल्या दिवशीचे, आंबूस. वरणावर तुपाचा पांढरा थर. पाच हातांवर यजमान यज्ञेश्वर नाकाला रुमाल लावून बसला होता.

दिनानाथचे काम हेच. माणूस गेल्यावर अकराव्या दिवशी त्याच्या नावाने एका ब्राह्मणाला जेवावे लागते, आणि ते अन्न खाणाऱ्याला पुन्हा कोणी आपल्या पंक्तीला घेत नाही. काशीतल्या मराठी घरांकडे आधी त्याचे वडील जेवत. गेली एकवीस वर्षे तो जेवतो. सकाळी समोर आला तर लोक गल्ली बदलतात.

१९९६च्या नोव्हेंबरातले हे ताट मृणालिनीचे होते. यज्ञेश्वरची धाकटी बहीण, वय त्रेचाळीस, अविवाहित. काविळीने गेली.

तरुणपणी ती आणि दिनानाथ एका पंचांगाच्या छापखान्यात मुद्रिते तपासत. ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची, तो ओळींवरून बोट फिरवायचा. तिथी, नक्षत्र, घटी, पळे. अशी दोन वर्षे गेली. पंचाहत्तर साली दिनानाथने तिच्या वडिलांची गाठ घेतली. आपण बापाचा धंदा करणार नाही, छापखान्यातच राहू, लेखी हवे तर लेखी देतो, असे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "पण त्या अन्नावरच वाढलास ना?" दुसऱ्या दिवशी ते छापखान्याच्या मालकाला भेटले. दिनानाथची नोकरी गेली. त्याच पावसाळ्यात त्याचे वडील वारले, आणि पोटासाठी दुसरे काही सापडेना. मृणालिनीने आलेली तीन स्थळे नाकारली आणि ती मुद्रिते तपासत राहिली. गल्लीत दिनानाथ दिसला तर ती तोंड फिरवत नसे. "बरे आहात ना?" म्हणायची आणि पुढे जायची. एकवीस वर्षांत त्यांचे बोलणे एवढेच.

आज त्याच्याऐवजी रामनगरचा चुलतभाऊ येऊ शकला असता. पण तो एका दिवसात दोन अकरावे जेवतो, निम्मे ताटात टाकतो आणि मंत्र कानावर पडायच्या आत होकार देतो. तिचे जेवण नीट व्हावे, म्हणून दिनानाथ आला.

ओसरीच्या कडेला दानाचा पलंग होता. त्याच्या एका पायावर उदबत्तीने भाजल्याचा डाग होता. दिनानाथला मिळालेला पलंग दुकानदार विकत घेतो आणि पुढच्या यजमानाला विकतो. हा पलंग दिनानाथकडे या वर्षात तिसऱ्यांदा येत होता. गादी मात्र तिचीच. नव्या चादरीखालून आजारपणाचा वास येत होता. ही माणसे बहिणीला उष्टा पलंग देत होती आणि तिची गादी घरातून काढत होती. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि पुढचा घास कालवला.

"विचारा आता," पुरोहित ढुंढिराज म्हणाले.

यजमानाने 'तृप्तोऽसि?' म्हणून विचारायचे, जेवणाऱ्याने 'तृप्तोऽस्मि' म्हणायचे. हा होकार मिळाला की गेलेल्याची भूक भागली असे धरतात. तोवर तो अधांतरी. यज्ञेश्वरने रुमालामागूनच विचारले. दिनानाथ भात कालवत राहिला.

यज्ञेश्वरला वाटले, हा अडून बसलाय. त्याने दक्षिणेत शंभर रुपये वाढवले. मग तिचे मनगटी घड्याळ फरशीवरून पुढे सरकवले. "घ्या, चालू आहे. आता बस झालं ना? सारा दिवस इथेच बसायचं का?"

"घड्याळ नको," दिनानाथ म्हणाला. "इथे शेजारी बसा आणि यातला एक घास खा."

"दिमाग फिरलंय का तुमचं? प्रेताचं अन्न ते."

"मृणालिनीचं आहे."

"शास्त्रात असं नाही, दिनानाथ," ढुंढिराज हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे, गुरुजी."

यज्ञेश्वर उठला. खरोखरच दोन पावले पुढे आला, वाकला, पत्रावळीतल्या कालवलेल्या भाताकडे त्याने पाहिले. तो वळून खांबापाशी गेला आणि ओकला. बराच वेळ ओकत राहिला. परतला तेव्हा डोळ्यांत पाणी होते. "नाही जमत हो," तो म्हणाला. "खरंच नाही जमत."

एकवीस वर्षे दिनानाथ या घराला मनातल्या मनात उत्तरे देत आला होता. शास्त्राची, माणुसकीची, कायद्याची. त्यांच्याकडे मुद्दा असेल, असे तो धरून चालला होता. मुद्दा नव्हताच. जेवणात केस निघाल्यावर येते तशी साधी ओकारी होती, आणि तिच्यापायी दोन माणसांचे आयुष्य गेले होते. त्याला यज्ञेश्वरचा राग येईना. किळस आली, खांबाजवळच्या ओकारीची, पलंगाची, स्वतःच्या खरकट्या हाताचीही.

होकार न देता उठणे त्याच्या हातात होते. यज्ञेश्वर जन्मभर धास्तावला असता. पण उपाशी राहणार होती ती मृणालिनी, तिचा भाऊ नव्हे.

त्याने दही-भाताचा उरलेला गोळा उचलला, फरशीवरची शिते वेचून त्यात मिसळली आणि सगळे खाल्ले. मग सावकाश, एकेक अक्षर सुटे करत, छापखान्यात ती वाचायची तसे, तो म्हणाला, "तृप्तोऽस्मि."

यज्ञेश्वरने सुटकेचा श्वास सोडला आणि पाण्याची बादली मागवली.

पलंग ठेल्यावरून दुकानदाराकडे गेला. गादी त्याने वासामुळे घेतली नाही; ती दिनानाथच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी आहे. उद्या साडेअकराला दुर्गाघाटावर एका निवृत्त पोस्टमास्तरांचा अकरावा आहे. जेवायला दिनानाथ जाणार आहे.